कळशीतला त्रेपन्न सेकंदांचा व्हिडिओ

जे वाहतं ते एक दिवस थांबतं. हे सत्य ज्याला नोकरीत कळतं, त्याला निवृत्तीत स्वस्थता मिळत नाही.

ही हकिगत २०२३ सालची. व्हॉल्व्हसाहेब तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते आणि त्यांच्याकडे अकरा हजार चारशे बासष्ट व्हिडिओ होते. त्यांपैकी पाहिलेले : शून्य.

व्हॉल्व्हसाहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी गावाचं पाणी वेळच्या वेळी सोडलं आणि त्याहून वेळच्या वेळी बंद केलं. (लोकांच्या लक्षात दुसरंच राहिलं.) नळाला पाणी आहे तोवर भांडी भरून घ्यावीत, हे तत्त्वज्ञान त्यांनी एवढं पचवलं होतं की, निवृत्तीनंतर हातात फोन आला आणि त्यातून व्हिडिओ वाहायला लागले, तेव्हा त्यांना एकच प्रश्न पडला : हे बंद कधी होणार?

"नेट कायमचं राहणार, असं कोणी लेखी दिलंय का?" ते विचारत. कोणी दिलेलं नव्हतं.

मग त्यांनी साठवण सुरू केली. घरातले पाच जुने फोन गोळा केले आणि पोटात किती मावतं त्यावरून त्यांना नावं दिली : पिंप, बादली, घागर, कळशी आणि तांब्या. सकाळी सात ते नऊ ही भरण्याची वेळ. व्हिडिओची लिंक उचलायची, साठवणाऱ्या ॲपमध्ये चिकटवायची, चार जाहिराती बंद करायच्या (पाचवी बंद होत नाही, ती आपली आपण जाते), बाण दाबायचा आणि वहीत क्रमांक लिहायचा. कांदे सहा महिने कसे टिकवावेत, खुर्चीचा पाय कसा बसवावा, दार उघडणारं मांजर, गुडघ्यांचे व्यायाम. मांजर तीन वेळा साठवलं गेलं होतं, पण ते पाहिल्याशिवाय कळणार कसं?

भिंतीवर नियमावली होती, चौकटीत बसवलेली.

नियम एक : पुरवठा चालू असताना साठ्याला हात लावू नये.
नियम दोन : जुनं आधी वापरावं, नवं नंतर.
नियम तीन : भांडं काठोकाठ भरावं.
नियम चार : भांडं गळू लागल्यास ते आधी वापरून संपवावं. साठा ओतून देणं हा गुन्हा आहे.

सगळी गल्ली साहेबांच्या पत्नीला वहिनी म्हणे, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनींना ह्या नियमावलीचं कौतुक होतं. नवरा निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात येऊन फोडणीबद्दल मत देत नाही, हे सुख त्यांच्या मैत्रिणींपैकी फार थोड्यांना मिळालं होतं. त्यांना आठवत होतं, त्यांच्या लहानपणी पत्र आलं की आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत आणि मग तारेला टोचून ठेवत. आता आधी तारेला टोचतात. काळ बदलला की क्रम बदलायचाच, असं म्हणून त्या भाजी चिरायला घेत.

पण त्या वर्षी, एका महिन्याच्या चार तारखेला, वन्संचा व्हिडिओ आला.

वन्सं म्हणजे साहेबांची धाकटी बहीण. बसने दोन तासांवर राहायच्या. तेरा वर्षांपूर्वी त्यांनी नवं घर बांधलं आणि राहायला गेल्या त्या दिवशी ऐंशी माणसं जेवायला बोलावली. साहेबांची तेव्हा त्याच गावात नेमणूक होती. जेवणं निम्मी झाली आणि नळ बंद झाले. वन्संनी भावाला फोन करून फक्त अर्धा तास मागितला. भाऊ म्हणाला, "वेळापत्रक सगळ्यांना सारखं." चाळीस माणसांनी हात कागदाला पुसले. त्यानंतर बहीणभावांत बोलणं नव्हतं.

बोलणं नव्हतं, पण पाठवणं होतं. दोघांकडे फोन आल्यापासून वन्सं रोज सकाळी उमलणाऱ्या फुलाचा व्हिडिओ पाठवत. साहेब तो न पाहता साठवत आणि पोच म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवत. अशा रीतीने नातं कोणालाही त्रास न होता चालू होतं.

पाच तारखेला, साहेब दाढी करत असताना, वन्संचा वहिनींना फोन आला.

"वहिनी, त्याने अंगठा पाठवला."

"रोजच पाठवतात की."

"काल फूल नव्हतं पाठवलं मी. काल मी बोलले होते. स्वतः. तोंडाने. कायमची चाललेय मुलाकडे समुद्रापार, तेवीस तारखेला. घर आवरलं. त्याआधी येऊन जा म्हटलं. तर ह्याने अंगठा पाठवला!"

"अहो वन्सं, त्यांनी पाहिलाच नसणार. थांबा, मी सांगते त्यांना."

"मुळीच नाही. माझी शपथ आहे. त्यात काय आहे ते तुम्ही एका शब्दाने सांगायचं नाही. सांगून आलेला भाऊ मला नको. स्वतः बघून येईल तर येईल."

फोन ठेवल्यावर वहिनींनी हिशेब केला. हातात अठरा दिवस होते. त्रेपन्न सेकंदांचा व्हिडिओ पाहायला एवढा अवधी पुरेल, असं कोणालाही वाटलं असतं.

"अहो, वन्संचा कालचा व्हिडिओ बघितलात का?" त्यांनी चहा देता देता विचारलं.

"कळशीत आहे. अकरा हजार चारशे सतरा."

"ते कळलं. बघितलात का?"

"अगं, नळाला पाणी असताना कोणी कळशीतलं पितं का?"

सहा तारखेला विचारलं, आठला विचारलं, अकराला जरा आवाज चढवून विचारलं. साहेबांनी त्यांना भिंतीवरचा नियम एक दाखवला. बहिणीसाठी नियम मोडायचा असता, तर तेरा वर्षांपूर्वी मोडला नसता का, असंही ते म्हणाले. आणि ह्यात तर्काची चूक काढणं वहिनींना जमलं नाही. चौदाला त्यांनी स्वतःच तो व्हिडिओ लावून साहेबांच्या पुढे धरायचं ठरवलं. पण फोनांना कुलूप होतं आणि कुलपाचा आकडा साहेबांच्या डोक्यात होता. (खात्यात असतानाही मुख्य व्हॉल्व्हची चावी ते कोणाला देत नसत.)

वीस तारखेला वहिनींच्या लक्षात आलं की, चौतीस वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याला त्याच्याच भाषेत सांगायला हवं. साठा कधी उघडतात? पुरवठा तुटतो तेव्हा.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "ते दिवे लुकलुकणारं यंत्र बंद कसं करतात गं?"

सूनबाई घरूनच काम करत. त्यांना दिवसाला सहा मीटिंगा असत. "आई, माझी नोकरी जाईल!"

"नोकरी दुसरी मिळेल. आत्या दुसरी मिळणार नाही."

सूनबाईंनी थोडा विचार केला, आपल्या फोनवरून गुपचूप नेट घेता येईल हे ताडलं आणि राउटर कसा बंद करायचा ते दाखवलं. साहेबांच्या फोनवर एक छोटं विमानाचं चित्र असतं, ते कुलूप न उघडताही दाबता येतं आणि दाबलं की बाहेरचं काहीच आत येत नाही, हेही शिकवलं. एकवीस तारखेला पहाटेचं दूध तापवता तापवता वहिनींनी दोन्ही कामं उरकली.

सात वाजता साहेब भरायला बसले. सात वाजून चार मिनिटांनी त्यांनी हाक मारली, "अगं, गेलं!" त्या आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता.

त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. (नोकरीत मोठी जलवाहिनी फुटली की घालत, तोच.) खात्री करून घ्यावी म्हणून शेजारच्या निवृत्त कंपाउंडरांना विचारलं. "माझ्याकडेही गेलंय," कंपाउंडर म्हणाले. (ते गेली चार वर्षं ह्यांचंच वायफाय वापरत होते. ही गोष्ट दोघांपैकी कोणी कधी उच्चारली नव्हती.) दोन घरं म्हणजे सगळं जग, असा निष्कर्ष निघाला. "सांगत होतो ना?" साहेब म्हणाले आणि त्यांनी पिंप उघडलं.

"पिंप का? कळशी घ्या ना," वहिनी म्हणाल्या.

"नियम दोन. जुनं आधी."

अकरा हजार चारशे सोळा व्हिडिओ संपल्याशिवाय वन्संचा नंबर लागणार नव्हता. साहेबांनी कागदावर गणित करून दाखवलं : सरासरी चार मिनिटं धरून रोज तीन तास पाहिलं, तर आठ महिने बारा दिवस. "एवढा साठा गावात कोणाकडे नसेल," ते म्हणाले. कंपाउंडरांनी मान डोलावली. मग दोघांनी पितळेची भांडी चिंचेशिवाय कशी घासावीत ते पाहिलं. दोघांनीही आयुष्यात भांडं घासलं नव्हतं, पण माहिती चांगली होती.

बावीस तारीख उजाडली. वन्सं उद्या जाणार होत्या. साहेब आंघोळीला गेले होते आणि भिंतीवर नियमावली होती. वहिनींनी ती वरून खालपर्यंत वाचली. चौथ्या नियमापाशी त्या थांबल्या. मग खलातला बत्ता घेतला, कळशी टेबलावर ठेवली आणि वरच्या कोपऱ्यावर एक, फक्त एक, मोजून ठोका दिला. नळाचा जोड तपासताना साहेब देत, तसाच.

"अहो, कळशी गळतेय!"

साहेब पंच्याने डोकं पुसत आले. काच तडकली होती आणि पडद्यावर एक हिरवी रेघ थरथरत होती. साहेबांचा चेहरा उतरला. दुसऱ्या भांड्यात ओतावं, तर नियम तीनमुळे सगळी काठोकाठ भरलेली.

"नियम चार," वहिनी म्हणाल्या. "वापरून संपवा."

"कळशीतलं सगळ्यात जुनं—"

"गळती वरून आहे. वरचं आधी काढा."

साहेबांनी वहिनींकडे बघितलं. खात्यात असा सहायक मिळाला असता, तर बढती दोन वर्षं आधी झाली असती, असं त्यांना वाटलं असावं.

वरचे पंचेचाळीस व्हिडिओ संपायला तीन तास लागले. कंपाउंडर सोबतीला होतेच. मांजराने तीनदा दार उघडलं. फुलं सोळा उमलली. दुपारी एकच्या सुमाराला पडद्यावर छताचा पंखा आला.

"पंख्याची दुरुस्ती असेल," कंपाउंडर म्हणाले.

पंखा हलला, भिंत आली, आणि हिरव्या रेघेआड वन्संचा चेहरा आला, फार जवळून.

"चालू झालंय का हे? लाल तर दिसतंय. दादा, अरे, मी तेवीसला मुलाकडे चाललेय. परत यायचं नाही असं ठरलंय. त्या दिवशी तू पाणी सोडलं नाहीस ती चूक तुझीच होती, हे मी तिकडे जाऊनही म्हणेन. पण म्हणायला समोर कोणी पाहिजे ना. त्याआधी येऊन जा. नळाला चोवीस तास पाणी आहे आता. वेळापत्रक बघून यायची गरज नाही. नाहीच आलास तर... अगंबाई, हे बंद कसं करायचं?"

पुन्हा पंखा आला आणि व्हिडिओ संपला.

"मी येतो," असं म्हणून कंपाउंडर उठले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले.

"कधी आला हा?" साहेबांनी विचारलं. क्रमांक, तारीख, सगळं त्यांच्याच वहीत होतं.

"चारला."

"मी काय उत्तर दिलं?"

"अंगठा."

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "पहिली गाडी किती वाजता?"

"सहाला. मी दोन तिकिटं काढून ठेवलीत."

तेवीसला सकाळी आठ वाजता दोघं वन्संच्या दारात उभी होती. घर रिकामं होतं. बोललं की आवाज घुमायचा. वन्संनी भावाला वरून खाली पाहिलं.

"पाहिलास?"

"काल."

"आणि अंगठा?"

"तो मिळाल्याचा होता. पाहिल्याचा नव्हता."

"तुझं हे असंच. आधी पोच, मग पुरवठा." असं म्हणून त्यांनी घरात उरलेला एकुलता एक पेला नळाखाली धरला आणि भरून त्याच्या हातात दिला. साहेब उभ्याने सगळं पाणी प्यायले. मग दोघं, तेरा वर्षांची थकबाकी असल्यासारखी, चाळीस मिनिटं भांडली. चूक कोणाची ते ठरलं नाही. गाडी आली तेव्हा वन्सं म्हणाल्या, "दादा, घराचा मुख्य व्हॉल्व्ह तूच बंद कर. तुझा हात बसलाय."

साहेबांनी तो बंद केला. पण त्याआधी ते थोडे थांबले. वन्संनी घड्याळ पाहिलं नाही.

पुढे ज्याचं त्याचं असं झालं. वन्सं समुद्रापार सुखात आहेत आणि दर रविवारी समोरासमोर फोन करून चूक कोणाची होती ते सांगतात. हा फोन साठवता येत नाही. सूनबाईंना, त्या दोन दिवसांत कामात जराही खंड पडू दिला नाही म्हणून, बढती मिळाली. कंपाउंडरांना सत्य कळलं आहे, पण वायफाय तेच आहे. कळशी कपाटात आहे. व्हॉल्व्हसाहेबांकडे आता चौदा हजार व्हिडिओ आहेत. फक्त नियमावलीत पाचवा नियम आला आहे : घरच्या माणसाकडून आलेलं लगेच प्यावं. त्यानुसार ते रोज सकाळी वन्संचं फूल पूर्ण उमलेपर्यंत पाहतात. एक मिनिट चार सेकंद लागतात.

तेवीसला वन्सं व्हॉल्व्हपाशी उभ्या राहून, वहिनींच्या फोनकडे बघत, सगळ्यांचा निरोप घेत होत्या, तेव्हा वहिनींनी त्याचा व्हिडिओ काढला. चार मिनिटांचा आहे. तो त्यांनी त्याच दिवशी साऱ्या नातलगांना आणि ओळखीच्यांना पाठवला. दोन मिनिटांच्या आत चौतीस अंगठे आले.

त्यांत एक तुमचा होता. रागावू नका, बरेच होते. पण तीन मिनिटं पन्नास सेकंदांवर वन्संनी तुमचं नाव घेऊन तुम्हाला एक गोष्ट विचारली आहे. काय ते वहिनींना ठाऊक आहे. त्या सांगणार नाहीत. त्यांना शपथ आहे.