अंबादासजींची दोर-तपासणी

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी साहेबांना झाडावरून पाडलं. कचेरीमागच्या कडुनिंबाला एक धिप्पाड माणूस दोराला लोंबकळताना पाठमोरा दिसला. मी धावत जाऊन त्याचे पाय कवटाळले आणि ओरडलो, "जीव देऊ नका हो!"

"सोड बे पाय! टेंडर तपासून राह्यलो मी!"

तेवढ्यात त्यांचे हात सुटले आणि ते माझ्यावर.

हे आमचे ओव्हरसियर अंबादासजी. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि मलकापूरच्या आमच्या कचेरीतून गावोगावच्या सरकारी विहिरींची कंत्राटं निघत. मजूर ज्या दोरानं विहिरीत उतरणार, तो ठेकेदारानं टेंडरबरोबर आणायचा, हा अंबादासजींचा स्वतःचा कायदा. सरकारी पुस्तकात तो कुठंच नव्हता. मी मुद्दाम शोधला होता. लिफाफा फोडण्याआधी ते त्या दोराला लटकत. मग सुरुंगाची वात हातानं मोजून विचारत, "वात पेटल्यावर मजुराले पयाले येळ पुरते का एवढ्यात?"

"अंबादासजी, लग्नात नवरदेवालेबी इतकं नाही तपासत," एक ठेकेदार वैतागला.

"नवरदेव विहिरीत नाही उतरत ना बे!"

घरी दाराच्या चौकटीला लटकून मी त्यांची नक्कल करायचो. बायको पोट धरून हसायची.

एकदा सगळ्यांत कमी दर देणाऱ्याच्या दोराचे पीळ त्यांच्या हातात सुटले. त्यांनी टेंडर नाकारलं. वरून विचारणा आली. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं : 'दोर कुजका.' काम दुसऱ्याला गेलं, पण अंबादासजींची संग्रामपूरकडे बदली झाली.

एकटा माणूस, म्हणून आम्ही दोघं सामान बांधायला गेलो. भांडी गुंडाळता गुंडाळता बायकोनं विचारलं, "घरचं कोनी नाही आलं, भाऊजी?"

"वयनी हाये न गावाले." ते सुतळी आवळत राहिले. "माहा मोठा भाऊ विहिरीवर मजुरीले होता. दोर तुटला. त्या ठेकेदाराची शिफारस मीच केलती. दर कमी होता त्याचा."

त्यांनी गाठ मारून सुतळी तोडली.

"दर दिवाळीले जातो. वयनी ताट वाढते. इतक्या वर्षांत एक शबूद नाही बोलली. शिव्या देल्या असत्या, तं बरं झालं असतं."

नक्कल करणारा मी, बांधलेलीच वळकटी पुन्हा बांधत बसलो.

परतताना बायको म्हणाली, "त्याइच्या वयनीले एक पत्र लिहा तुमी. बदली काऊन झाली, तेवढंच लिहा."