हुंबरांची वाटणी

"आज राखमाख्यांत सुतक हाय. मी तिखट खाणार न्हाई."

काका बाहेरच्या खोलीतून बोलले. आत काकू ठेचा वाटत होती. तिचा हात थांबला नाही.

"सुतक त्यांला हाय. मिरच्या मी भाजल्यात," ती म्हणाली. "गपचूप जेवा."

काका जेवले. ठेचा परत मागून घेतला. फक्त प्रत्येक वेळी चिमूटभर मीठ ताटाबाहेर काढून ठेवत होते. सुतकात तिखट खायचंच झालं, तर राखमाख्यांना तेवढी सवलत आहे, असं मला नंतर कळलं.

भोकरदनमध्ये राखमाखे कुठे राहतात, हे शोधायला जाऊ नका. ते हुंबर लोकांचं एक कुळ आहे आणि हुंबर कुठेच राहत नाहीत. माझे सुदामकाका आणि पप्पा लहानपणी पिंपळगाव रेणुकाईला शेळ्या राखायचे, तेव्हा दोघांनी मिळून हे लोक तयार केले. झोपेत कूस बदलणारा एक डोंगर आहे. त्याच्या पाठीवर हुंबर राहतात. डोंगर हलला की झोपड्या उचलून दुसरीकडे मांडतात. त्यांच्याकडे दगडाच्या कुऱ्हाडी आहेत, गाडग्यात सांभाळलेला विस्तव आहे. लोखंड नाही, अक्षर नाही, चाकही नाही.

"काका, एवढी ओझी वाहतात. चाक तरी सापडू द्या त्यांना," मी एकदा म्हणाले होते.

"बिलकुल न्हाई," काका म्हणाले. "चाक आलं की यष्टी येती. यष्टी आली की पोरं संभाजीनगरला जातात."

काकांचं बाजारात बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. व्यवहाराला माणूस एकदम पक्का. उधारी मागायला आलेल्याला दारातूनच ओळखतो. पण काउंटरवर कुणी घेऊ की नको असं फार करायला लागलं, तर म्हणतो, "दगडबोल्यांसारखं करू नका, पाटील." दगडबोले हे दुसरं कुळ. कुठलंही काम करण्याआधी ते दगडाला विचारतात आणि दगड उत्तर देईपर्यंत थांबतात. त्यामुळे त्यांच्या एकाही झोपडीला छप्पर नाही. पाटलांना यातलं काही माहीत नसतं. ते आपले कापसाचं बियाणं घेऊन जातात.

हुंबरांत दोन माणसं भेटली की आधी एकमेकांचं ओझं बदलून घ्यायचं, थोडं चालायचं आणि मगच बोलायचं. काका हे पाळतात. बस स्टँडवर एका बाईंच्या हातातली पिशवी त्यांनी अशीच घेतली आणि स्वतःची वांग्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. बाईंनी आरडाओरडा केला, माणसं जमली. काका शांतपणे सांगत होते, "पण माझी वांगी तुमच्याजवळच हायेत की ताई." इथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला नोकरी लागली आणि मी राहायला आले, तेव्हा माझी सुटकेस त्यांनी घेतली आणि माझ्या हातात युरियाच्या रिकाम्या गोण्यांची गुंडाळी दिली. घर येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मला बोलणं जमत नाही, त्यामुळे ही पद्धत मला पटकन आवडली.

हुंबर मला नवीन नव्हते. लहानपणी मला ते खरेच वाटायचे. दर दिवाळीला आम्ही इथे यायचो आणि फराळ झाला की दोघे भाऊ गच्चीवर जाऊन बसायचे. कुणाच्या झोपडीत कोण जन्मलं, कुणाची बकरी कुणी पळवली, हे अगदी गावकीच्या सुरात चालायचं. शाळेत आम्हाला 'माय फॅमिली' असा निबंध होता. मी इंग्रजीत लिहिलं की माझ्या वडिलांचे नातेवाईक वाऱ्याला दोरीच्या गाठीत बांधून ठेवतात आणि उफणणीच्या वेळी सोडतात. मिसनी पप्पांना बोलावून घेतलं. पप्पांचे कान लाल झाले होते. "हे कोण?" मिसनी विचारलं. पप्पा म्हणाले, "लांबचे आहेत." खोटे आहेत, असं मात्र म्हणाले नाहीत. मुली बरेच दिवस हसत होत्या. त्यानंतर मी घरचं काही बाहेर सांगायचं बंद केलं.

आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली, त्याच संध्याकाळी भावांनी हुंबरही वाटून घेतले. आपल्याकडची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. काकांनी कुळांचे वाटे पाडले. पप्पांनी वारा गाठीत बांधणारे वाराबांधे आणि सगळीकडे उशिरा पोचणारे उशिरे उचलले. काकांकडे राखमाखे आणि दगडबोले राहिले. तेव्हापासून एकाने दुसऱ्याच्या कुळातल्या माणसाला शिंकसुद्धा आणायची नाही. कुळाचा कायदा.

यंदाच्या थंडीत एका संध्याकाळी काका ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. स्वतःशीच म्हणाले, "गारठा लई पडला. थुंबा उघड्यावर बसून राह्यला असंल."

थुंबा कोण, हे मी काकूला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"राखमाख्यांचा पोरगा," तिने एखाद्या भाच्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. "वाराबांध्यांच्या झुळाला मागणी घालायला गेल्ता. तुझ्या पप्पांची ती शेवटची दिवाळी. ह्यांनी पोरगी मागितली, तर पप्पा म्हणले, विचारून सांगतो. दोघं हसून हसून खाली आल्ते."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पप्पा गेले.

"मग थुंबा?"

"मंग काय. शिवेवर बसलाय. मागणी घालून आलेला उत्तर घेतल्याबिगर उठत न्हाई म्हणं. मी म्हणलं, अहो, तुमचंच तर पोरगं हाय, बोलवा माघारी. तर म्हणले, तसं केलं तर मागणी मोडली असं होतं." तिने भाकरी तव्यावर टाकली. "अन् पोरीकडचं उत्तर ह्यांला देता येत न्हाई. तो भावाचा हिस्सा. तुझे पप्पा गेले तवा ह्या माणसानं डोळ्यातून टिपूस काढला न्हाई, बाई. चौदाव्याचं जेवून पाव्हणे गेले, अन् मला म्हणतो, आता पोरीकडून बोलणार कोण? मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मंग रात्रभर पाठ करून झोपले."

"मला का नाही सांगितलं?"

"तू इंग्लिश शाळेतली. हसशील म्हणले."

तव्यावरची भाकरी फुगली. काकूने ती उतरवली आणि दुसरी थापायला घेतली. मी पाण्याचा तांब्या भरून घेतला, कारण हातात काहीतरी असल्याशिवाय मला कुणासमोर जाता येत नाही.

काका अजून ओट्यावरच होते. मी तांब्या खाली ठेवला आणि पायरीवर बसले. त्यांनी मूठभर दाणे माझ्यापुढे सरकवले. टरफलं वाऱ्याने अंगणभर झाली होती. पप्पा शेंगा असेच फोडायचे, अंगठ्याने दाबून. ते मी इतके दिवस पाहूनही पाहिलं नव्हतं.

"काका, पप्पांची दोन कुळं आता कोण बघतं?"

त्यांचा अंगठा शेंगेवर थांबला. समोरून मक्याची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला.

"कुणी न्हाई, बेटा. पडीक हायेत," ते म्हणाले. "भावाच्या हिश्श्यात आपण कसा नांगर घालायचा? बराबर हाय का न्हाई?"

मी मान डोलावली. लॅबमध्ये पेशंटचं नाव पुकारायचं असतं तेव्हासुद्धा माझा आवाज निघत नाही, शेजारच्या मुलीला सांगावं लागतं. इथे शेजारी कुणी नव्हतं. आतला भाकरीचा आवाजही बंद झाला होता, म्हणजे काकू दाराशी उभी होती.

काकांनी टरफलं गोळा करायला घेतली. ती पुरी गोळा झाली की ते उठून आत जाणार होते.

"थुंब्याला निरोप द्या," मी म्हणाले. "मुलीकडून मी आहे. बैठक कधी बसवायची?"