शेवटच्या टेबलावरचे तात्याराव

श्रीरंगरावांनी लेकीच्या साखरपुड्यासाठी फरीदाबादच्या हायवेवरचा जो हॉल घेतला, तो बाहेरून किल्ला होता आणि आतून दरबार. विलायती सरदारांच्या गढीतल्या मोठ्या भोजनशाळेची ती नक्कल म्हणे. भिंतीवर फायबरच्या ढाली-तलवारी, खाली लांबच लांब टेबलं आणि एका टोकाला चौथऱ्यावर उंच पाठीच्या आठ खुर्च्या.

मॅनेजर म्हणाला, “सर, पुराने जमाने में राजा और खास मेहमान ऊपर बैठते थे. बाकी सब नीचे.”

झालं! केंद्र सरकारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला आणखी काय हवं? श्रीरंगरावांनी पाहुण्यांची यादी कॉम्प्युटरवर चढवली, प्रत्येकापुढे पे लेव्हल, म्हणजे सरकारी पगाराची पायरी, लिहिली आणि एक बटण दाबून क्रम लावला. वरचे आठ चौथऱ्यावर. ज्यांची लेव्हल कोरी, ते आपोआप तळाला गेले. नावांची कार्डं छापून खुर्च्यांवर लागलीसुद्धा.

साखरपुडा छान झाला. मंडळी आपापलं कार्ड शोधून जेवायला बसली आणि विजयालक्ष्मीबाई नवऱ्याकडे धावतच आल्या.

“अहो, तात्याराव कुठे बसलेत बघितलंत? अगदी शेवटच्या टेबलावर! माझ्या शेजारी!”

“तू तिथे काय करतेस?”

“मला काय विचारता? कार्ड तुम्ही छापलंत!”

श्रीरंगरावांच्या पायाखालची जमीन सरकली. तात्याराव म्हणजे जावई यतीनचे मोठे काका. यतीनचे वडील लवकर गेले, तेव्हा पानिपतला चादरींचं दुकान चालवून यांनीच त्याला शिकवलं. त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात पान हलत नसे. एका पुतणीच्या लग्नात फेटा उशिरा आला म्हणून हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठला होता. आणि दुकानदाराला पे लेव्हल कुठली असणार?

“बाबा, प्लीज काहीतरी करा ना यार,” लेक स्वरूपा रडकुंडीला आली. “काका उठून गेले तर यतीनसुद्धा त्यांच्यापुढे काही बोलणार नाही.”

श्रीरंगराव चौथऱ्याकडे पळाले. पण उठवायचं कुणाला? मधल्या खुर्चीत त्यांचे साहेब, सक्सेनाजी. उजवीकडे दोन डायरेक्टर. डावीकडे साडू, तेही लेव्हल तेराचे. श्रीरंगरावांनी साडूंच्या कानात विनवणी केली. ते म्हणाले, “कार्डावर माझं नाव आहे, श्रीरंग.”

आता पाय धरण्यावाचून इलाज नव्हता. सत्तर फुटांचा तो हॉल श्रीरंगराव घाम पुसत चालत गेले. तात्याराव मान खाली घालून बसले होते आणि परत आलेल्या विजयालक्ष्मीबाई धास्तीने त्यांना वाढतच होत्या.

“तात्याराव, चूक झाली माझी. पदरात घ्या. तुमचा मान...”

तात्यारावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. तोंडात घास होता. तो गिळून ते म्हणाले, “मागे बघा.”

श्रीरंगरावांनी पाहिलं. मागे स्वयंपाकघराचं दार होतं. ते उघडलं आणि टम्म फुगलेल्या पुऱ्यांची परात आधी याच टेबलावर आली.

“चाळीस वर्षं लोक मला स्टेजवर बसवताहेत,” तात्याराव म्हणाले. “समोर फोटोवाला, डोक्यावर एसी, आणि पुरी येते तेव्हा तिचं चामडं झालेलं असतं. घास घ्यावा तर सगळा हॉल बघतोय! मानासाठी बसायचं, आणि जरा कमी पडलं की चिडायचं. आज पहिल्यांदा माणसासारखा जेवतोय हो. विहीणबाईंनी श्रीखंड तीनदा वाढलं. बिल्कुल घरच्यासारखं!”

“म्हणजे... रागावला नाहीत?”

“रागावू कशाला? लग्नाची तारीख काढा लवकर.”

श्रीरंगरावांचा जीव भांड्यात पडला. ते मटकन बाजूच्या खुर्चीत बसले आणि इतकं हसले, की विजयालक्ष्मीबाईंनी त्यांना पाणी दिलं.

तेवढ्यात कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. सक्सेनाजी स्वतःचं ताट घेऊन सत्तर फूट चालत आले होते.

“श्रीरंग, यहाँ जगह मिलेगी क्या? ऊपर सब ठंडा आ रहा है.”

श्रीरंगराव सवयीने ताडकन उभे राहिले. पण तात्यारावांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि साहेबांकडे वळून म्हणाले, “आइए जी, बैठिए. लेकिन पूरी पहले मुझे मिलेगी.”