तेलावर तरंगणारा शाफ्ट

उद्यमनगरातले बाबालाल मिस्त्री माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या स्कूटरचं ऐकून घ्यायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाशी. "बेअरिंग गेलंय. हां, आता बोला, घरात बरं हाय न्हवं?"

रोलर बेअरिंगवर त्यांचा भारी राग. "लोखंडावर लोखंड. कितीबी ग्रीस घाला, भांडणारच की." बेअरिंग विकायला आलेल्याला ते चहा पाजत आणि "पावणं, तुमचा धंदा बसणार हाय," असं मायेनं सांगत.

यात थोडा दोष माझा. मी त्यांचा शेजारी, पॉलिटेक्निकात शिकवायचो. एका इंग्रजी मासिकातला लेख मी त्यांना सांगितला होता. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधले रोलर काढायचे आणि तिथं पंपानं दाबून तेल सोडायचं. शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तेलावर तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. तो लेख त्यांनी मला तीनदा सांगायला लावला. हेलिकॉप्टर त्यांनी जन्मात जवळून पाहिलं नव्हतं, पण गिऱ्हाइकांची कामं त्या दिवसापासून मागं पडली.

हवेत पंपच बंद पडला तर काय, असं मी विचारलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "दोन पंप बसवायचे," आणि परत गेले.

हेलिकॉप्टर काही मिळण्यातलं नव्हतं, म्हणून त्यांनी लोखंड कातायच्या आपल्या जुन्या लेथवरच प्रयोग मांडला. पहिल्या खेपेला नळी सुटली आणि मी, ते आणि भिंतीवरचं कॅलेंडर, तिघंही तेलानं न्हालो. पुढं तीनदा शाफ्ट अडकला. पाचव्या खेपेला, एका रविवारी सकाळी, तो फिरला. बोटानं ढकलला तरी फिरत राहिला, ना खडखड, ना थरथर.

आता ते मला विमानवाल्यांना पत्र लिहायला सांगणार, म्हणून मी खिशातलं पेन काढलं. पण मिस्त्री मागच्या स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी थापत बसलेल्या बायकोला, आमिनाभाभींना, हाताला धरून घेऊन आले. भाभींना दोन वर्षांपासून काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांची चूल आणि हा लेथ यांच्यात पंचवीस वर्षं एकच भिंत होती.

मिस्त्रींनी त्यांचा पिठाचा हात लेथवर ठेवला. थरथर हाताला लागायची भाभींनी जरा वाट पाहिली.

"बंद हाय?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवून फिरता शाफ्ट दाखवला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पैल्याच वर्सी सांगितलं हुतं तिनं, आवाज लई हुतोय म्हणून. मी म्हटलं, सवय हुईल."

भाभींनी दुसराही हात लेथवर ठेवला.