एक तृतीयांश घर आणि बारा साक्षीदार

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी लल्ला तामूंनी, म्हणजे तामूबाईंनी, आपण एक दिवस मरणार ही बाब तत्त्वतः मान्य केली, आणि तिची पूर्वतयारी अल्प खर्चात व खात्रीशीरपणे व्हावी असं ठरवलं. मेक्नेस शहराजवळच्या ऐन झितून गावात लोक सहसा मृत्युपत्र करत नाहीत. एक तर ते अशुभ वाटतं, आणि दुसरं म्हणजे मागे राहिलेल्यांना भांडायला काहीतरी लागतंच. पण तामूंना घाई करायला कारण होतं. गेल्या वसंतात शेजारीण वारली आणि तिने लहानाची मोठी केलेली मुलगी चाळिसावा दिवस व्हायच्या आत अंथरुणासकट दाराबाहेर आली.

तामूंच्या घरीही अशीच एक मुलगी होती. इतिमाद तीन वर्षांची असताना तामूंनी तिला कोर्टातून रीतसर सांभाळायला घेतलं होतं. आता ती चोवीस वर्षांची होती. दोघी मिळून जेलाब्याला, म्हणजे पायघोळ झग्याला, लागणारी रेशमी बटणं विणत, आणि तामूंनी तरुणपणी असल्याच बटणांच्या कमाईतून हे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट होता. सांभाळलेलं मूल म्हणजे वारस नव्हे. वारस म्हणजे जिलाली, तामूंच्या भावाचा एकुलता एक मुलगा. तो मेक्नेसला मोबाइलची कव्हरं विकत असे आणि वर्षातून एकदा ईदला येऊन आत्याच्या हाताला ओठ टेकवता टेकवता डोळ्यांनी भिंतींची मापं घेत असे.

मात्र एक तृतीयांश मालमत्ता बाहेरच्या माणसाला लिहून देता येत होती. दोन खोल्यांचा तृतीयांश म्हणजे धड एक खोलीही नव्हे. तरी तेवढ्या हक्कावर पोरीला कुणी हात धरून बाहेर काढू शकणार नाही, एवढंच तामूंना हवं होतं. त्यापुढे त्यांना मरणाचं काही वाटत नव्हतं.

वकिलाकडे त्या फक्त दारापर्यंत गेल्या. आत बसण्याचे पैसे वेगळे आणि उठण्याचे वेगळे, असं कळल्यावर परत आल्या. मग त्यांनी चौकातल्या सी, म्हणजे श्रीयुत, मफद्दलला गाठलं. अंजिराच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन तो लोकांचे अर्ज लिहीत असे. पन्नास दिरहॅममध्ये मृत्युपत्र करून द्यायला तो एका पायावर तयार होता.

"पण सी मफद्दल, तुझा कागद चालेल ना?" तामूंनी विचारलं.

"लल्ला, माझ्या कागदात एकही चूक नसते. तो चालत नाही, एवढाच त्याचा दोष. चालणारा कागद हवा असेल तर अदूलांकडे जा."

अदूल म्हणजे काझीच्या देखरेखीखाली दस्त लिहिणारे सद्गृहस्थ, आणि ते कायद्याने नेहमी जोडीने असतात. एकटा अदूल म्हणजे नुसता दाढीवाला माणूस. ऐन झितूनच्या जोडीत सी बेन्नासर आणि सी तैबी हे दोघे होते. कचेरीच्या भाड्याच्या वाटणीवरून त्यांचा आठ वर्षं अबोला होता. तरीही प्रत्येक दस्त दोघांनी एकत्र ऐकणं बंधनकारक असल्यामुळे ते समोरासमोरच्या टेबलांवर बसत, आणि एकमेकांना सांगायचं ते अशिलामार्फत सांगत.

"बाईंना सांगा," सी तैबी तामूंकडे बघत म्हणाले, "आणि पलीकडच्या गृहस्थांनाही सांगा, की तीन कागद लागतील. हयातीचा दाखला, डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला आणि घर मालकीचं असल्याचा पुरावा."

तामूंनी मान फिरवून सी बेन्नासरना म्हटलं, "तीन कागद म्हणतात."

"ऐकलं मी," सी बेन्नासर म्हणाले. "पण त्यांच्याकडून नाही ऐकलं."

हयातीचा दाखला मोहल्ल्याच्या मुकद्दमने, म्हणजे तिथल्या सरकारी माणसाने, दिला आणि तो तीन महिनेच चालेल असं बजावलं. "त्यापुढचं सरकार सांगू शकत नाही," तो म्हणाला. डॉक्टरने त्यांना आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि शेवटी विचारलं, "रक्ताच्या भाच्याला सोडून परकीला का देताय?" तामू म्हणाल्या, "माझा ताप ती उतरवते आणि घराचा भाव तो विचारतो, म्हणून." डॉक्टरने ते लिहून घेतलं. इतकं सरळ उत्तर देणारं माणूस त्याच्या दवाखान्यात बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं, त्यामुळे त्याने त्यांना पंधरवड्याने पुन्हा बोलावलं आणि मगच दाखला दिला.

मालकीचा पुरावा मात्र अडला. घराचा जुना दस्त ओल लागून असा झाला होता की त्यावर फक्त 'बिस्मिल्ला' आणि विकणाऱ्याचा अंगठा शिल्लक होता. अशा वेळी बारा माणसं आणायची आणि त्यांनी एकमुखाने सांगायचं, की हे घर याच बाईचं, आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. तामूंना हायसं वाटलं. त्यांनी लगेच गल्लीतल्या सगळ्या बायका मोजल्या.

"बारा पुरुष," सी तैबी म्हणाले.

"पण मला ओळखतात त्या बायकाच! अडतीस वर्षं माझ्या चुलीचा धूर त्यांच्याच डोळ्यांत गेला."

"इथे पद्धत पुरुषांची आहे. बायकांना माहिती असते, ती वेगळी गोष्ट."

तामूंनी मोठ्या मिनतवारीने बारा खरे पुरुष गोळा केले. भट्टीवाला, न्हावी, मशिदीचा झाडूवाला, कोळसेवाला, असे एकेक. साक्षीच्या दिवशी भट्टीवाल्याने सांगितलं की घराचं दार निळं आहे. न्हावी म्हणाला, हिरवं. दार पूर्वी हिरवं होतं आणि नंतर निळं केलं होतं, म्हणजे दोघंही खरंच बोलत होते. कोळसेवाल्याला छत्तीस वर्षं आठवत होती, झाडूवाल्याला चाळीस. त्यावरून चौघांची जुंपली, आणि कोळसेवाल्याने न्हाव्याच्या बापाचा उद्धार केला. सी बेन्नासरनी वही मिटली. "साक्ष विसंगत," ते म्हणाले, आणि समोरच्या टेबलावर सी तैबींनीही त्याच क्षणी वही मिटली. आठ वर्षांत त्यांचं प्रथमच एकमत झालं.

कचेरीबाहेरच्या कॉफीच्या दुकानात अल्लाल नावाचा गृहस्थ बसलेला असे. त्याच्याभोवती अकरा जण पुदिन्याचा चहा पीत बसलेले असत आणि बारावा स्वतः अल्लाल.

"लल्ला, खरी माणसं आणायचीच कशाला?" तो कळवळून म्हणाला. "खऱ्याला आठवायला लागतं. आठवायला लागला की माणूस घोळ घालतो. आमचं बघा, डझनाचा एकच भाव, आणि शब्दाला शब्द जुळणार."

"पण तुम्ही मला कधी पाहिलेलंही नाही!"

"म्हणून तर आमच्यात मतभेद नाहीत."

तामूंना रात्रभर झोप लागली नाही. आयुष्यात त्यांनी वीस बटणांच्या माळेत एकोणीस कधी घातली नव्हती, आणि आता बारा जणांना खोटं बोलायला भाड्याने घ्यायचं होतं. त्यांना मनापासून लाज वाटली. शेवटी त्यांनी तोड काढली. ती माणसं आपल्याला ओळखत नाहीत, एवढीच अडचण होती ना? मग ओळख करून द्यावी. त्यांनी बाराही जणांना घरी बोलावलं, हरीरा हे दाट सूप आणि खजूर वाढले, दार आतून-बाहेरून दाखवलं, आणि आपलं सगळं चरित्र पाठ करून घेतलं. बापाचं नाव, आईचं नाव, नवरा कधी वारला, पोटचं मूल नाही, भाऊ होता तो गेला, त्याचा एकच मुलगा जिलाली. इतिमाद वाढता वाढता हसून म्हणाली, "यम्मा, यांना आता माझ्यापेक्षा तुझी जास्त माहिती झाली."

"होऊ दे," तामू म्हणाल्या. "आता ते बोलतील ते खरंच असेल."

साक्ष उत्तम झाली. बाराही जण दार निळं म्हणाले आणि पूर्वी हिरवं होतं हेही म्हणाले. सी तैबींच्या डोळ्यांत पाणी आलं. घर कागदोपत्री तामूंचं झालं. मृत्युपत्र दुसऱ्याच दिवशी व्हायचं, पण सी बेन्नासर उम्र्याच्या यात्रेला गेले. एकटे सी तैबी काही लिहू शकत नव्हते, म्हणून पाच आठवडे ते कचेरीत नुसते बसून राहिले. पुढची तारीख मिळाली सोमवार सकाळ, दहा वाजता.

सोमवारी तामू इतिमादला घेऊन, ठेवणीतला जेलाबा घालून पोचल्या. जिन्यावरून जिलाली उतरत होता. त्याने घाईघाईने आत्याच्या हाताला ओठ टेकवले आणि नजर चुकवून निघून गेला.

"बसा," सी तैबी म्हणाले. "एक छोटी अडचण आहे. घर आता तुमचं राहिलेलं नाही."

"मग कुणाचं?"

"तुमच्या वारसाचं. नऊ वाजता वारसाचा दस्त झाला. तुमच्या निधनाबद्दल आम्हां दोघांनाही वाईट वाटलं. पलीकडच्या गृहस्थांनाही विचारा."

"वाटलं," सी बेन्नासर पलीकडून म्हणाले.

तामू खुर्चीचा हात घट्ट धरून उठल्या. "मी मेले असं कोण म्हणालं?"

"बारा जण. एकमुखाने."

"अहो, मी समोर उभी आहे!"

"बाई," सी तैबी अतिशय सौम्यपणे म्हणाले, "तुमचा मान राखून सांगतो. हे तुम्ही एकट्याच म्हणताय."

हयातीचा दाखला पिशवीत होता. तामूंनी तो टेबलावर ठेवला. सी तैबींनी तारीख बघितली. चौऱ्याण्णव दिवस झाले होते. मृत्यूच्या दस्ताला मुदत नसते आणि मेलेल्या बाईला हयातीचा नवा दाखला मिळत नाही, हेही त्यांनी समजावून सांगितलं.

अल्लाल खाली कॉफीच्या दुकानातच होता. तामूंना बघून तो अदबीने उभा राहिला. "अल्लाह तुमच्यावर दया करो," तो म्हणाला.

"मेल्या, माझ्या घरचा हरीरा प्यायलास ना तू!"

"म्हणून तर, लल्ला! नाहीतर परक्या बाईच्या मरणाची साक्ष आम्ही कधी देत नाही. तुमच्या बापाचं नाव, भावाचं नाव, मूल नाही, एकच भाचा, वारसाच्या दस्ताला हेच सगळं लागतं. आमचं चोख पाठ होतं. बाई फार भली होती, हे तर आम्ही वरकड सांगितलं. त्याचे पैसे घेतले नाहीत."

"मग आता मी जिवंत आहे असं सांग."

अल्लाल दुखावला. "लल्ला, आमच्या शब्दाला या गावात किंमत आहे. सकाळी एक आणि दुपारी एक, असं आम्ही करत नाही."

इतिमाद म्हणाली, "यम्मा, चल घरी. मला तुकडाही नको. आपण दुसरीकडे खोली बघू."

"बघू," तामू म्हणाल्या, "पण भाड्याची चिठ्ठी माझ्या नावावर होणार नाही. मी मेले आहे." आणि त्या दुकानाच्या पायरीवर बसून पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. आपण मेल्यावर हिचं काय होईल, या धास्तीने त्यांनी हे सगळं मांडलं होतं. आता ते काय होणार, हे त्यांना जिवंतपणी बघायला मिळत होतं.

जिलाली माणूस वाईट नव्हता. दोन तृतीयांश त्याला मिळणारच होते. उरलेल्यासाठी थांबायचं त्याच्या जिवावर आलं, इतकंच. त्याने दोघींना चाळिसाव्यापर्यंत राहायची परवानगी दिली आणि त्या दिवशीच्या कुसकुसच्या जेवणाचा खर्चही आपणच करू असं कळवलं.

तामू खचल्या नाहीत. मेलेल्या माणसाला जिवंत करायची तरतूद कायद्यात आहे. ओळखणारे बारा पुरुष लागतात, त्यांनी अदूलांसमोर फक्त एवढंच सांगायचं की ही बाई हयात आहे. अल्लालची माणसं शब्द फिरवत नाहीत, म्हणून तामू पुन्हा दारोदार फिरल्या. भट्टीवाला तयार झाला, न्हावी आणि कोळसेवाला आपसातलं भांडण मिटवून तयार झाले, सी मफद्दलने टाइपरायटर एक दिवस बंद ठेवायचं कबूल केलं. चाळिसाव्याला चार दिवस उरले असताना अकरा जण जमले. गल्लीतल्या बाकीच्यांनी घरगुती मामल्यात पडायचं नाही असं सांगितलं, आणि आम्हांला तुमच्याबद्दल फार वाईट वाटतं, असंही सांगितलं.

एक माणूस कमी आहे. आपण इथवर आलात, तेव्हा तामूंच्या बापाचं नाव सोडलं तर सगळं आपल्याला ठाऊक आहे. दार निळं आहे, पूर्वी हिरवं होतं. आपण बाई असाल तर प्रश्नच नाही, आपल्याला नुसती माहिती आहे. पुरुष असाल तर गुरुवारी सकाळी दहा वाजता अदूलांच्या कचेरीत यायचं आहे. चहा मिळेल, पैसे मिळणार नाहीत. आपल्याला गुरुवारी नेमकं काम निघणार, असं सी तैबी म्हणतात, आणि सी बेन्नासरचंही तेच मत आहे.