बारा पत्रे, मागणीप्रमाणे

इमारत आधी माणसाच्या डोक्यात उभी राहते आणि मग जमिनीवर, हे सत्य सर्वमान्य आहे. यातला दुसरा टप्पा धुळीचा, गोंगाटाचा आणि तक्रारींना वाव देणारा असल्याने तो वगळावा, हे मात्र फार थोड्यांना सुचले. हिंगोली जिल्ह्यात ते सुचले. इतिहासाने त्याची नोंद घ्यावी म्हणून हा अहवाल.

परिच्छेद १. कक्ष

जिल्ह्यातील कोणतीही नवी, पडकी किंवा पडण्याच्या विचारात असलेली सार्वजनिक इमारत यापुढे एखाद्या ऐतिहासिक विचारवंताच्या विचारावर बेतावी, असे ठरले आणि त्यासाठी विचारवास्तू कक्ष स्थापन झाला. मी कक्षप्रमुख. माझ्या हाताखाली दोघे. रुद्र हा संकल्पना-वास्तुविशारद, पुण्यात पाच वर्षे शिकून आलेला. अत्यंत हुशार. त्याने आजवर एकही इमारत बांधलेली नाही, त्यामुळे त्याच्या एकाही इमारतीला तडा गेलेला नाही. दुसरे तातेराव, जवळा बाजारचे. आवक-जावक आणि जडसंग्रह नोंदवही त्यांच्याकडे. (जडसंग्रह म्हणजे वापरून न संपणाऱ्या वस्तू: खुर्च्या, कपाटे, पंखे. विचारवंत यात धरावेत का, असे वर विचारले आहे. उत्तर यायचे आहे.)

कोणत्या गावाला कोणता विचारवंत, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. पक्षपात नको. पहिल्या वर्षाची प्रगती अशी:

हेराक्लायटस. एकाच नदीत दोनदा पाऊल टाकता येत नाही, असे त्याचे म्हणणे. एका ओढ्यावरच्या पुलासाठी निवड. पूल दर पावसाळ्यात वाहून जातो. संकल्पना शंभर टक्के साध्य.

कणाद. सर्व काही कणांचे बनलेले आहे. एका गावी समाजमंदिरासाठी वाळूचे दोन ढीग टाकले. काम पूर्ण.

सॉक्रेटिस. उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारावा. एका कार्यालयात दाखला मागायला येणाऱ्याला "दाखला म्हणजे नेमके काय?" असे विचारतात. (तिथे आधीपासूनच असे चालत होते. आम्ही फक्त पाटी लावली.)

चार्वाक. डोळ्यांना दिसते तेवढेच खरे. या चिठ्ठीतले गाव आम्ही अजून पाहिलेले नाही.

परिच्छेद ३. अर्ज

(परिच्छेद २ संकल्पनेच्या पातळीवर आहे.)

दिवाळीच्या आधी सुटलेल्या वाऱ्याने पुसेगावजवळच्या हिरासिंग तांड्यावरील अंगणवाडीचे छप्पर उडाले. ते कुठे पडले हे समजले नाही. अंगणवाडी सेविका नीलाबाई यांनी अर्ज केला. तो पूर्ण देतो:

"अंगणवाडीस बारा पत्रे पाहिजेत. लेकरे बावीस आहेत."

हा अर्ज मराठी भाषेच्या एका मोठ्या दालनाचे दार उघडतो. पत्रा, अनेकवचन पत्रे. पत्र, अनेकवचन तेही पत्रेच. बाईंनी "चांगले पत्रे" लिहिले असते तर एक अर्थ निघाला असता. "चांगली पत्रे" लिहिले असते तर दुसरा. पण त्यांनी "बारा" लिहिले आणि पुढे "पाहिजेत" लिहिले. "पाहिजेत" हे क्रियापद लिंगाच्या बाबतीत तोंड उघडत नाही.

कक्षाने तीन बैठका घेतल्या. कार्यालय ज्या वस्तूचा व्यवहार करते, तीच वस्तू अर्जदार मागत असणार, असे गृहीत धरणे सौजन्याचे आहे. आमचे कार्यालय पत्रांचा व्यवहार करते. तांड्यावरच्या अंगणवाडीने बारा पत्रे मागितली, ही विचारांची भूकच म्हणायची. रुद्रचे डोळे भरून आले. तातेराव एवढेच म्हणाले, "सायेब, छप्पर उडालंय त्यांचं." हे अर्जात नव्हते.

चिठ्ठी टाकली. डायोजिनीस निघाला.

परिच्छेद ४. डायोजिनीस

हा ग्रीक विचारवंत एका रांजणात राहत असे. सम्राट भेटीला आला आणि "काय हवे ते माग" म्हणाला, तेव्हा हा म्हणाला, "बाजूला हो, माझे ऊन अडवतोस." रुद्रने यावरून मांडणी केली. ऊन हे सत्य. ऊन अडवणारा तो सम्राट. छत ऊन अडवते. म्हणून छत हे सम्राट. म्हणून अंगणवाडीला छत नसावे.

तर्कात एकही फट नव्हती. छप्पर आधीच उडालेले असल्याने संकल्पना मंजुरीपूर्वीच साकार झाली होती, हे विशेष.

हे समजावून सांगायला आम्ही तांड्यावर गेलो. दुपार होती. लेकरे भिंतींच्या आत नव्हती, लिंबाखाली सतरंजीवर होती. सावली सरकते तशी नीलाबाई सतरंजी सरकवतात; दिवसातून पाच वेळा. (रुद्रने वहीत "फिरती वास्तू" असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या.) तांड्याचे नाईक किसनसिंगही आले. रुद्रने त्यांना डायोजिनीस सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"त्यो रांजणात राहायचा म्हनता?"

"हो, काका."

"मग छप्पर व्हतंच की त्याला. रांजण आडवा पाडला की वरून बंदच आसतो. पावसाचा थेंब येत न्हाई."

रुद्रने खिशातून पेन काढले आणि परत ठेवले.

"आन ऊन कमी पडत आसंल त्याच्या मुलखात. त्याला म्हनावं, वैशाखात पुसेगावला ये. मग बघू सम्राटाला बाजूला हो म्हनतो, का जवळ बस म्हनतो."

नीलाबाई म्हणाल्या, "सायेब, आमी पत्रे मागितले ते टिनाचे. डोक्यावरचे. तुमी काहून येवढा विचार करून राहिलात?"

"बाई, अर्जात टिनाचे असे लिहिलेले नाही."

"आता सांगून राहिले ना."

"तोंडी खुलासा नोंदीवर येत नाही. नवा अर्ज द्या."

"देते."

"नवा अर्ज जुना निकाली निघाल्यावरच घेता येतो."

किसनसिंग हसले. मग म्हणाले, "आमचे आजे-पणजे बैलं घेऊन मुलुख फिरले. उघड्यावर जगले, उघड्यावर मेले. त्याला कुनी विचार म्हनलं न्हाई, सायेब. भटके म्हनले."

हे वाक्य सुंदर असल्याने आम्ही ते प्रस्तावाच्या मुखपृष्ठावर घेतले. (शेवटचे दोन शब्द जागेअभावी वगळले.)

परिच्छेद ५. पुरवठा

डायोजिनीसने स्वतः लिहिलेले काही उरलेले नाही. तेव्हा त्याच्या वतीने कक्षाने पत्रे लिहावीत, असे ठरले. दर पंधरा दिवसांनी एक. तपशील:

पत्र १. अर्ज पोहोचल्याची पोच.
पत्र २. छत आणि सत्ता यांचा परस्परसंबंध (पाने नऊ).
पत्र ३. पत्र २ समजले का, अशी विचारणा.
पत्र ४. कोरे गेले.
पत्र ५. पत्र ४ कोरे गेल्याबद्दल दिलगिरी.
पत्र ६. पत्र ५ रद्द समजावे. कोरेपणा हाच विचार होता.
पत्र ७. दुसऱ्या एका कक्षाचे, आमच्यामार्फत: "छत नसलेली अंगणवाडी एकतीस मेच्या तपासणीनंतर बंद करून लाभार्थी पुसेगावच्या अंगणवाडीत वर्ग करण्यात येतील."

इथे थोडे थांबतो. पुसेगाव तिथून साडेतीन किलोमीटर. मध्ये ओढा. (पूल हेराक्लायटसचा.) लाभार्थ्यांपैकी सर्वांत धाकटी भिकाबाई. आजीचे नाव ठेवलेले, वय तीन. साडेतीन किलोमीटर ती चालेल का, याचा अंदाज कक्षाने बांधला नाही. अंदाज बांधणे आमच्या कक्षेत येत नाही.

नीलाबाई पत्र ७ घेऊन स्वतः आल्या. "एक म्हनतं छप्पर नको, दुसरं म्हनतं छप्पर न्हाई तर बंद. मी कुनाचं ऐकू?"

मी त्यांना सांगितले की शासनात मतस्वातंत्र्य आहे.

पत्र ८. मतस्वातंत्र्य.
पत्र ९. पत्र ७ आमचे नसले तरी आमच्या जावक क्रमांकाने गेल्याने बारात धरले जाईल, याची कृपया नोंद घ्यावी.
पत्र १०. महिला दिनाच्या शुभेच्छा (उशिरा).
पत्र ११. पत्र १२ लवकरच येत असल्याची पूर्वसूचना.
पत्र १२. "आपल्या मागणीप्रमाणे आजअखेर बारा पत्रे पाठवण्यात आली आहेत (हे धरून). बारा पत्रे मिळाल्याची सही कार्यालयात येऊन करावी. त्यानंतर प्रकरण बंद करण्यात येईल."

परिच्छेद ५ (पुन्हा). प्रतिकृती

दरम्यान रुद्रने कार्यालयाच्या आवारात छताविना अंगणवाडीची प्रतिकृती उभारली. थर्माकोल आणि प्लायवूड, मापे मूळ इमारतीचीच. देखणी होती. पण एप्रिलमध्ये थर्माकोल पिवळे पडू लागले, प्लायवूडला पोक आले. छत नसण्याची संकल्पना उन्हात टिकत नव्हती. म्हणून तिच्या रक्षणासाठी वर एक शेड उभी केली. चार लोखंडी खांब, आडवे अँगल आणि पत्रे. टिनाचे. जवळा बाजारहून आणले. शेड रस्त्यावरून स्पष्ट दिसत होती. तातेरावांनी जडसंग्रह नोंदवहीत नोंद घेतली:

पत्रे. नग १२.

(अशा रीतीने त्या उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यात एक बिनछताची अंगणवाडी पूर्ण सावलीत होती.)

परिच्छेद ६. सही

सत्तावीस मे, दुपारचे बारा. नीलाबाई आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत आमची अकरा पत्रे क्रमाने, बारावे हातात. मागे किसनसिंग, त्यांच्या मागे ट्रॅक्टरची ट्रॉली आणि तांड्यावरचे चौघे, एकाच्या हातात पाना.

"सही द्यायला आले," बाई तातेरावांना म्हणाल्या. "बारा पत्रे मिळाले म्हनून."

"करा मग. हितं."

"मिळाल्याबिगर कशी करू, दादा? लबाडी व्हईल."

तातेरावांनी पत्र १२ वाचले. मग नोंदवही उघडली आणि "पत्रे. नग १२" या ओळीवर बोट ठेवले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी खिडकीशी उभा राहून डायोजिनीसवर चिंतन करत होतो.

"सायेब, यांना पत्रे द्यायचे हायेत. नोंदीला हायेत. पत्रात मागणी पूर्ण झाली म्हनून तुमची सही हाय. देऊ?"

मी म्हणालो, "तातेराव, कार्यालयाच्या शब्दाबाहेर मी नाही."

"मग मोजून घ्या, बाई."

एक तास लागला. सगळे उजेडात, नियमाने झाले. पाना फिरे, नटबोल्ट डब्यात पडे आणि तातेराव पत्र्यागणिक मोठ्याने आकडा म्हणत. बारावा पत्रा ट्रॉलीत गेला, तशी नीलाबाईंनी सही केली. नेहमीपेक्षा मोठी. मग बारावे पत्रही पिशवीत घालून ती तातेरावांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमचे बारा. आमचं काम झालं. वापस घ्या."

तातेरावांनी तीही मोजली आणि वहीत लिहिले: दिली १२, जमा १२, शिल्लक १२. नोंदवहीच्या इतिहासात इतका चोख ताळेबंद झालेला नाही.

किसनसिंग जाता जाता रुद्रपाशी थांबले. तो उघड्या पडलेल्या प्रतिकृतीसमोर उभा होता. "बाळा, तुझ्या अंगणवाडीला आता बराबर ऊन लागंल," ते म्हणाले. चेष्टेने नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले.

परिच्छेद ७. तपासणी

एकतीस मे रोजी दुसऱ्या कक्षाच्या पथकाला हिरासिंग तांड्यावर अंगणवाडी छतासह आढळली. बावीस लेकरे आत होती. भिकाबाई झोपलेली होती. अंगणवाडी बंद करण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात आला.

जूनमध्ये आमच्या कक्षाची जडसंग्रह तपासणी झाली. तपासनीसांनी वाचले, "पत्रे, नग बारा." तातेरावांनी कपाटातून पिशवी काढून समोर ठेवली. तपासनीसांनी बारा मोजली, पेन्सिलीने खूण केली, चहा घेतला.

प्रतिकृती पावसात बसली. रुद्रने तिचे फोटो पाठवले आणि त्याला एका परिषदेचे आमंत्रण आले. विषय: वास्तूची विनम्रता.

शुद्धिपत्रक

परिच्छेद ३ मध्ये कक्षाला "पत्रे" या शब्दाचा अर्थ लागला नाही, असा समज होण्याची शक्यता आहे. तो दुरुस्त करावा. अंगणवाडी, वारा, उडालेले छप्पर आणि बारा पत्रे, यातून काय हवे होते हे आम्हाला पहिल्याच दिवशी समजले होते. तुम्हालाही त्याच ओळीला समजले होते. तरी सावलीबरोबर सरकणारी सतरंजी बाजूला ठेवून पुढचे पत्र काय येते, हे पाहत आपण सगळे बाराव्यापर्यंत आलो. आम्ही पगारावर, तुम्ही हौसेने.

हौसेला वेगळी पोच दिली जात नाही.