सुजाताबाईंचं प्रोस्टेट

सुजाताबाई वानखेड्यांना स्वतःचं प्रोस्टेट नाही. बायकांना ते नसतंच. पण त्यांचं बोलणं ऐकणाऱ्याला हे पटायला वेळ लागतो. आपण ‘मेथी काय महागलीय’ ज्या आवाजात म्हणू, त्या आवाजात त्या ‘प्रोस्टेट’ म्हणतात, आणि तेही परसातून, खास नागपुरी फेक लावून. आमचं ट्रुगानिना म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेला माळावर उठलेली नवी वस्ती. घरं एकमेकांना इतकी खेटून, की एकाच्या फोडणीने दुसऱ्याला ठसका लागावा. त्यामुळे आमच्या रस्त्यावर हा शब्द न ऐकलेलं माणूस उरलेलं नाही. कोपऱ्यावरचे पंजाबी दारजी तर त्यांना ‘प्रोस्टेटवाली मॅडम’ म्हणतात, तेही पगडी सावरून, अत्यंत आदराने.

बाई शास्त्रज्ञ आहेत. त्यांचं काम त्यांनीच एका दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे आपल्या अंगतपंगतीला, मला समजावलं होतं, हातात गुलाबजामचा डाव घेऊन. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर पोसला जातो. म्हणून औषधाने ते हॉर्मोनच बंद पाडतात. मग त्या ग्रंथीतल्या पेशींमधले कुठले जीन्स गप्प होतात आणि कुठले नव्याने बोलायला लागतात, हे बाई बघतात. एकाच माणसाचे दोन तुकडे त्यांच्याकडे येतात, एक औषधाआधीचा, एक नंतरचा.

“आणि माणूस?” मी विचारलं.

“माणूस काहून येईल जी? नळी येते. नळीवर नंबर असते.”

एवढं बोलून त्यांनी रांगेत उभ्या असलेल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला, “पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी केव्हा केली?” असं विचारायला सुरुवात केली. उत्तर समाधानकारक असेल तरच दुसरा गुलाबजाम. माणसं थाळी घेऊन पांगली. एकाने तर मधुमेह असल्याचं जाहीर केलं. “लाजून काय होते जी?” बाई मागून ओरडल्या. मी ताठ मानेने “गेल्याच वर्षी केली” अशी थाप मारली आणि दोन गुलाबजाम पदरात पाडून घेतले. ते मला पुढे फार महाग पडले.

कारण लॉकडाउन लागलं, आणि पाठोपाठ माझ्याच तपासणीचा निकाल आला. कॅन्सर ग्रंथीच्या थोडा बाहेर सरकला होता. किरणोपचार करायचे, पण त्याआधी काही महिने आणि नंतरही बराच काळ हॉर्मोन बंद करणारं इंजेक्शन. मी आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर होतो. वाईट बातमी दाबून ठेवण्यात माझी उभी कारकीर्द गेलेली. हीही दाबली. आमच्या शोभाशिवाय, म्हणजे बायकोशिवाय, कुणाला सांगितलं नाही. आणि वानखेडेबाईंना तर मुळीच कळू द्यायचं नाही, असा आमच्या घरात ठराव झाला, कारण त्यांना कळलं म्हणजे दारजींना कळलं.

इंजेक्शनाने माझं पुरुषत्व फार झगडा न करता निघून गेलं. मिशी तेवढी मागे राहिली, रिकाम्या बंगल्याच्या वॉचमनसारखी. पोट सुटलं. छाती हुळहुळी झाली. शर्टाची शिलाई टोचायची. टीव्हीवर रोज रुग्णांचे आकडे सांगत तेव्हा मी कोरडा असायचो, आणि छपराच्या पन्हळी साफ करणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत म्हातारीच्या पन्हळी मोकळ्या झाल्या की हुंदके द्यायचो. मध्येच अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं. शोभाचा रजोनिवृत्तीचा काळ नुकताच संपला होता. ती उठून खिडकी उघडायची आणि म्हणायची, “मला तेव्हा काय म्हणाला होतास? ‘पंखा लावायला काय झालंय, जुलै महिना आहे!’ आता बस.”

जुलै म्हणजे इथला कडाक्याचा हिवाळा. अशाच एका सकाळी वाफ उठली म्हणून मी बनियनवर परसात आलो आणि एका बिलाच्या पाकिटाने वारा घेत उभा राहिलो. गवतावर दहिवर गोठलेलं. कुंपणावर सुजाताबाईंचं डोकं उगवलं, कानटोपीसकट.

“काळेजी, काय करून राहिले?”

“काही नाही. जरा मोकळी हवा.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बघणं कसलं, वाचनच ते.

“इंजेक्शन महिन्याचं देऊन राहिले की तीन महिन्याचं?”

मी थिजलो. म्हणजे आतून तापलेला आणि बाहेरून थिजलेला.

“तीन,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता रस्ताभर डंका. पण बाई काही न बोलता आत गेल्या, आणि थोड्या वेळाने कुंपणावरून एक जुना पुठ्ठ्याचा पंखा आला. “हे घ्या. संध्याकाळी फिरायला चला माझ्यासंगं. हाडं ठिसूळ होतात या औषधाने, चालणं पाहिजे.”

तेव्हा घराबाहेर पडायची मुभा दिवसातून एक तास, आणि घराबाहेरचं एकच माणूस सोबतीला. त्या एका माणसाचा माझा कोटा असा सुजाताबाईंनी घेतला. शोभा म्हणाली, “जा बाबा. तुझी नवी मैत्रीण. मला एक तास तरी शांतता.”

वस्तीमागच्या तळ्याभोवती आम्ही चालायचो, मास्क लावून, हातभर अंतर ठेवून. वसंतात इथले मॅगपाय पक्षी डोक्यावर झेपा घेतात, म्हणून बाई सायकलीचं हेल्मेट घालून यायच्या. त्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदरासारख्या उभ्या खोचलेल्या. त्या अवतारात त्या मला प्रश्न विचारायच्या, आणि मास्कमुळे आवाज आणखी चढवून.

“घाम रात्री जास्त की दिवसा?”

“रडू येते ते कशावरून येते? की उगाच येते?”

“घरी चिडता का? की गप्प बसता?”

समोरून येणारं ऑस्ट्रेलियन जोडपं “हाउ आर यू, माइट” म्हणून जायचं आणि मी “नॉट बॅड, नॉट बॅड” म्हणत मनातून जमिनीत गडप व्हायचो. मला वाटायचं, बाईंना नळ्यांचा कंटाळा आला असावा. आता त्यांना चालती-बोलती नळी मिळाली आहे. थोडा अभिमानही वाटायचा. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझं म्हणणं इतकं लक्ष देऊन ऐकत होतं, विषय काही का असेना.

एकदा मीच विचारलं, “बाई, ते हॉर्मोन बंद झालं, की पेशी मरतात ना सगळ्या?”

“पुष्कळ मरतात. उरतात त्या गप्प होतात. तुमचं पीएसए खाली आलं ना, ते त्यामुळेच. ते बनवणारं जीनच थंड पडते.”

“आणि मग?”

“मग काही पेशी शिकतात.”

“काय शिकतात?”

“हॉर्मोनबिगर जगायला.” बाईंनी हेल्मेटचा पट्टा नीट केला. “सगळ्यांच्या नाही शिकत जी. तुमचे किरण बाकी आहेत. चला, पाय उचला.”

पुढच्याच आठवड्यात, तळ्याच्या वळणावर, सुजाताबाई थांबल्या. आणि मला नीट ऐकू आलं नाही, इतक्या हळू बोलल्या. ओळख झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, माझ्या कानांचेही जीन्स गेले.

“काळेजी, एक फोन कराल का? अशोकला.”

अशोकराव म्हणजे त्यांचे यजमान. कालगुर्लीच्या, म्हणजे पार पर्थकडच्या, सोन्याच्या खाणीत इंजिनियर. इथून तिकडे जायचं म्हणजे आख्खा देश ओलांडायचा. एरवी ते महिन्या-दीड महिन्याने विमानाने यायचे. आता त्यांच्या राज्याने सीमा बंद केली होती. तिथून निघालेल्या माणसाला परत केव्हा आत घेतील याचा नेम नव्हता.

“त्यालापण तेच इंजेक्शन चालू आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या आधीपासून. त्याचं हाडात गेलं आहे.”

मी तळ्याकाठच्या बाकाकडे हात केला; त्या बसल्या नाहीत.

“मला काही सांगत नाही तो. फोन केला की ‘बरा आहे’. व्हिडिओ लावत नाही, नेट स्लो आहे म्हणते. म्हणून मी तुम्हाला विचारत राहते. तुम्हाला जे होते, ते त्याला होत असेल, असं समजते मी.”

म्हणजे इतके दिवस मी ज्याला माझ्याविषयीचं कुतूहल समजत होतो, त्यातलं माझ्या वाट्याला काहीच नव्हतं. मी चांगलाच ओशाळलो. फोन केला, दुसऱ्याच दिवशी.

अशोकराव मोजकं बोलणारे. हवा झाली, लाल धूळ झाली, क्रिकेट झालं. तब्येतीला त्यांनी “बरा आहे” म्हणून दार लावून घेतलं. शेवटी मी म्हटलं, “माझं विचाराल तर, छातीला शर्ट लागलेला सहन होत नाही.”

फोनवर नुसती खरखर. मग प्रश्न आला, “कुठल्या बाजूला?”

“दोन्ही.”

“माझी डावी जास्त दुखते.”

त्यानंतर तो माणूस जो बोलत सुटला! खाणीच्या कंट्रोल रूममध्ये त्यांना मध्येच रडू यायचं. “धुळीचा एक फायदा आहे,” ते म्हणाले. “डोळे लाल दिसले तरी कोणी विचारत नाही.” गुडघे, घाम, झोप, सगळं निघालं. आम्ही दोन मिशाळ पुरुष मंगळागौरीच्या बायकांसारखे तासभर कुजबुजत होतो.

“हे सुजाताबाईंना का नाही सांगत?” मी विचारलं.

“तिला फार माहीत आहे हो. मी एक वाक्य बोललो की तिला पुढची दहा कळतात. मग ती गप्प होते. बाकी कायबी ऐकीन मी, सुजाता गप्प झालेली नाही ऐकवत. तुम्ही तिला काही सांगू नका. शब्द द्या.”

मी शब्द दिला. आणि फोन ठेवल्यावर माझ्यातल्या निवृत्त प्रोजेक्ट मॅनेजरने त्यातून वाट काढली. सुजाताबाईंना अशोकरावांचं काही सांगायचं नाही; पण माझं मी काहीही सांगू शकतो. त्या संध्याकाळी मी तळ्यावर जाहीर केलं, “बाई, माझी डावी छाती जास्त दुखते.” दुसऱ्या दिवशी गुडघे. बाई उपाय सांगायच्या, मी तो रात्रीच्या जेवणाआधी कालगुर्लीला ‘माझा अनुभव’ म्हणून पोचवायचो. मला वाटे, काय बेमालूम काम चाललंय! शोभा म्हणायची, “तुझी थाप शेंबड्या पोरालाही कळते.” मी हसण्यावारी नेलं. मी केलेल्या नाटकाची मला स्वतःलाच इतकी सवय झाली, की एकदा तर घरी, कुणी बघत नसतानाही लंगडत होतो.

मग एका दुपारी अशोकरावांचाच फोन आला. आवाज अगदी सपाट. “काळेसाहेब, पीएसए वर जायला लागलंय. दोनदा तपासलं.” आणि लगेच, “तिला नका सांगू.”

मी त्या दिवशी फिरायला जायला निघालो तेव्हा पाय खरेच जड झाले होते. तळ्याचं अर्धं वळण मी हवेबद्दल बोललो. मग म्हणालो, “बाई, माझं पीएसए जरा वर गेलंय.”

त्या थांबल्या. हेल्मेटवरच्या पट्ट्या वाऱ्याने थरथरत होत्या. अशोकराव ज्या गप्प बसण्याबद्दल बोलले होते, ते मी तेव्हा ऐकलं. एक मॅगपाय आमच्या अगदी जवळून गेला, तरी त्या हलल्या नाहीत.

“दोनदा तपासलं?”

“दोनदा.”

“इंजेक्शन चुकलं नाही ना?”

“नाही.”

त्यांनी तळ्याकडे तोंड केलं. आणि मग, वर्गात शिकवावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “याचा अर्थ पेशी शिकायला लागल्या. घाबरायचं नाही. इंजेक्शन सोडायचं नाही, आणि त्याच्या जोडीला आता गोळी लागेल. थांबायचं नाही म्हणावं. उद्याच पर्थच्या डॉक्टरला फोन करायचा.”

पर्थचा डॉक्टर. माझा डॉक्टर तर इथे, वीस मिनिटांवर. तो शब्द दोघांनीही ऐकला. मी मास्कची दोरी उगाच नीट केली. बाईंनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

पुढे पर्थच्या डॉक्टरांनी गोळी दिली, ती लागूही पडली, आणि सीमा उघडली तेव्हा विमानतळावरून अशोकरावांना आणायला मीच गाडी घेऊन गेलो. पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी आम्ही नुसते चालत होतो. माझे किरणोपचार सोमवारपासून सुरू व्हायचे होते. कोविडच्या नियमाने शोभाला आत येता येणार नव्हतं, आणि मला भीती वाटत होती. हे मी शोभाला सांगितलं नव्हतं. अशोकरावांनाही नाही. स्वतःलाही, बहुधा.

पूल ओलांडल्यावर सुजाताबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “बरं. हे झालं त्याचं. आता तुमचं सांगा, काळेजी.”